विक्रांत, १:२५० : कोकणच्या पावसात बांधलेल्या कागदी युद्धनौकेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कोकण किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या गावातलं हे जुनं वाचनालय. या भागातली कितीतरी घरं गोदीतल्या, बोटीवरच्या नाहीतर नौदलातल्या नोकरीवर उभी राहिली. त्यामुळे ४ डिसेंबरला, नौदल दिनी, एक छोटं प्रदर्शन भरवायचं ठरलं तेव्हा मधल्या काचेच्या कपाटात काय ठेवायचं यावर कार्यकारिणीत फार चर्चा झाली नाही. विक्रांत, म्हणजे भारताची पहिली विमानवाहू नौका, तिचं मॉडेल ठेवायचं, हे गृहीतच होतं.

काम अंगावर घेतलं दोघांनी. एक, मुंबईच्या गोदीतून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त होऊन गावी परतलेले गृहस्थ. दुसरी, त्यांची आर्किटेक्चर शिकणारी पुतणी. तिने त्याआधी परदेशी संचांवरून दोन-तीन कागदी जहाजं बांधली होती. पुढे त्यांना काका आणि पुतणी एवढंच म्हटलं आहे. गावाचं आणि वाचनालयाचं नावही मुद्दाम दिलेलं नाही. मी कापाकापीला आणि नोंदी ठेवायला होतो.

कागदच का, हा प्रश्न आम्हाला पुढे अनेकांनी विचारला. आपल्याकडे कागदकाम म्हटलं की शाळेतला हस्तकलेचा तास आठवतो. पण जर्मनी आणि पोलंडमध्ये कागदी जहाजांची मोठी परंपरा आहे. जर्मन संच बहुधा १:२५० या प्रमाणात (खऱ्या जहाजाच्या अडीचशेव्या भागाएवढे) असतात, पोलिश १:२०० मध्ये, आणि त्यांत पुठ्ठ्याच्या सांगाड्यावर छापील कार्डाची कातडी चढवून रेलिंगच्या दांड्यांपर्यंत सगळं उभं केलं जातं. कागद स्वस्त असतो, चुकलेला भाग पुन्हा छापता येतो आणि घरातल्या टेबलावर काम होतं. विक्रांतचा तयार संच आमच्या हाताशी नव्हता, म्हणजे नकाशापासून सगळं स्वतःच करायचं होतं. पुतणीला नेमकं तेच हवं होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ही नौका आज कुठेही जाऊन पाहता येत नाही. मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला अजून उभी आहे. तिचं मॉडेल करणारा माणूस टेप घेऊन डेकवर चढू शकतो. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवेतून निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली, २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून लोकांसाठी बंद झाली आणि २०१४ मध्ये मुंबईतल्याच दारुखाना या जहाजतोडणीच्या भागात तिची तोडणी सुरू झाली. २०२२ मध्ये कोचीत नौदलात दाखल झालेली नवी विक्रांत हे पूर्ण वेगळं जहाज आहे. जुन्या विक्रांतचं मॉडेल ज्यांना करायचं आहे त्यांच्याकडे उरतात ते फोटो, छापलेली मापं आणि माणसांच्या आठवणी.

कोणत्या सालची विक्रांत?

पहिला पेच इथेच पडला आणि माझ्या मते संपूर्ण कामातला तो सर्वांत मोठा निर्णय होता.

युद्धनौका आयुष्यभर एकसारखी राहत नाही. विक्रांतची बांधणी १९४३ मध्ये इंग्लंडात टाईन नदीवर 'हर्क्युलिस' या नावाने सुरू झाली, १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली आणि युद्ध संपल्यामुळे अर्धवट अवस्थेतच पडून राहिली. १९५७ मध्ये भारताने ती घेतली. बेलफास्टला तिच्यावर विमानं उतरवायला तिरका डेक आणि विमान वेगाने पुढे फेकणारं, वाफेवर चालणारं कॅटापुल्ट बसवलं गेलं आणि ४ मार्च १९६१ रोजी ती भारतीय नौदलात आली. १९७१ च्या डिसेंबरात तिच्यावरून सी हॉक आणि अलिझे विमानं कॉक्स बझार आणि चितगावकडे झेपावली, ती याच रूपातल्या डेकवरून. मग १९८३ मध्ये सी हॅरियर विमानं आली आणि त्याच दशकातल्या मोठ्या दुरुस्तीत कॅटापुल्ट गेलं, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, ९.७५ अंशांचा स्की-जंप (विमानांच्या उड्डाणासाठीचा वर उचललेला उतार) चढला. १९६१ मध्ये असलेल्या १६ बोफर्स तोफांची संख्याही पुढे कमी झाली.

वाचनालयाला प्रदर्शन १९७१ च्या निमित्ताने करायचं होतं. काकांच्या डोळ्यांसमोर मात्र स्की-जंपची विक्रांत होती, कारण त्या दुरुस्तीच्या काळात ते गोदीत होते. त्यांच्या बाजूने आणखी एक मुद्दा होता आणि तो मला आजही वजनदार वाटतो: गावातल्या ज्या लोकांनी शाळेच्या सहलीत संग्रहालय पाहिलं होतं त्यांनाही स्की-जंपच आठवणार. सपाट नाळेची नौका पाहून "ही आमची विक्रांत नव्हे" असं ते म्हणतील.

तीन पर्याय समोर होते. १९७१ ची नौका, नव्वदच्या दशकातली नौका, किंवा नाळेकडचा डेक बदलता येईल अशी दोन टोकं असलेली नौका. तिसऱ्या पर्यायाने सगळ्यांचं समाधान झालं असतं, म्हणून कार्यकारिणी त्याच्याकडे झुकली होती. पुतणीने तो दोन कारणांनी नाकारला. डेकचा सांधा बरोबर अशा जागी आला असता जिथे ८५ सेंटिमीटर लांबीच्या कागदी फळीला सर्वांत जास्त ताठपणा लागतो. आणि नुसतं टोक बदलून १९७१ ची नौका १९९० ची होत नाही; विमानं, तोफा, डोलकाठीवरचे रडार, डेकवरच्या रेषा, सगळंच बदलावं लागतं.

काका दोन दिवस या विषयावर बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी म्हणाले, "चार डिसेंबरला ठेवायची ना? मग चार डिसेंबरचीच ठेवा." त्यानंतर प्रत्येक फोटो या एका तारखेच्या गाळणीतून गेला. काकांकडचे सर्वांत सुंदर फोटो ऐंशीच्या दशकातले होते. ते सगळे बाजूला ठेवावे लागले.

मोजमाप आणि प्रमाण

गोदीतल्या माणसाकडे मूळ नकाशे असतील असं गावात अनेकांनी गृहीत धरलं होतं. काकांनी तो विषय कोणाला काढूच दिला नाही. ड्रॉइंग ऑफिसातला कागद ऑफिसातच राहतो, हे त्यांचं तत्त्व. जे सार्वजनिक आहे तेवढ्यावरच काम करायचं ठरलं.

विक्रांत मॅजेस्टिक वर्गातली. या वर्गाच्या सहा नौका: मॅग्निफिसंट, मॅजेस्टिक, टेरिबल, पॉवरफुल, लेव्हायथन आणि हर्क्युलिस. मॅजेस्टिकची ऑस्ट्रेलियात मेलबर्न झाली, पॉवरफुलची कॅनडात बोनाव्हेंचर. म्हणून पहिला विचार असा होता की बहिणीच्या नौकेचे छापील भाग घ्यावे आणि थोडे बदलावे. काकांनी सावध केलं. सांगाडा एक असला तरी प्रत्येक नौका वेगळ्या देशासाठी, वेगळ्या साली, वेगळ्या यंत्रणा लावून पूर्ण झाली. शेवटी मधला रस्ता निघाला: पाण्यालगतचा आकार वर्गाच्या रेषांवरून, आणि डेकपासून वरचं सगळं फक्त विक्रांतच्या फोटोंवरून.

फोटोवरून माप काढायला एक खात्रीची पट्टी लागते. ती सी हॉकने दिली. या विमानाची लांबी सुमारे १२.१ मीटर आणि पसरलेल्या पंखांची रुंदी ११.९ मीटर. डेकवर उभ्या विमानाशेजारी जे काही दिसतं, मग ती क्रेन असो की आयलंडची, म्हणजे डेकच्या कडेला उभ्या मनोऱ्याची, खिडकी, त्याचं माप विमानाच्या तुलनेत काढता येतं. अट एकच: दोन्ही वस्तू कॅमेऱ्यापासून साधारण सारख्या अंतरावर हव्यात. डेकच्या मागच्या टोकाच्या विमानावरून पुढच्या टोकाची वस्तू मोजली तर उत्तर हमखास चुकतं. पुतणीने प्रत्येक मापापुढे फोटोचा क्रमांक लिहिला आणि जे माप एकाच फोटोवरून निघालं होतं त्याला पेन्सिलीने खूण केली. ही खूण पुढे फार उपयोगी पडली.

प्रमाण ठरवलं कपाटाने. नौकेची लांबी ७०० फूट. १:२०० मध्ये ती बरोबर साडेतीन फूट होते आणि कपाटाची आतली रुंदीही तेवढीच, म्हणजे बोटभरही मोकळी जागा नाही. १:४०० मध्ये नौका ५३ सेंटिमीटरची, पण सी हॉक जेमतेम ३ सेंटिमीटरचा. त्याचे मिटलेले पंख कागदात करणं कठीण. १:२५० मध्ये लांबी ८५.४ सेंटिमीटर, डेकची जास्तीत जास्त रुंदी १५.६ सेंटिमीटर आणि विमान ४.८ सेंटिमीटरचं. तेच घेतलं.

पाण्याखालचा भाग करायचा का, यावर थोडी वादावादी झाली. कार्यकारिणीला सुकाणू आणि पंख्यांसकट अख्खं जहाज हवं होतं. पण कागद एका वेळी एकाच दिशेला वळतो. नळकांडं होतं, शंकू होतो. मात्र दोन्ही दिशांना फुगलेला पृष्ठभाग सुरकुत्या पडल्याशिवाय होत नाही, तो बारीक पट्ट्यांत कापून जोडावा लागतो. पिछाडीखालचा भाग नेमका तसा असतो. डिसेंबरची तारीख पाहता पाणरेषेपर्यंतचंच मॉडेल ठरलं. मला हा निर्णय योग्य वाटला. समुद्रात उभं असलेलं जहाज लोकांना तसंच दिसतं.

बांधणीची सुरुवात

एप्रिलमध्ये सांगाडा झाला. १ मिलिमीटर ग्रे बोर्डचा (करड्या जाड पुठ्ठ्याचा) लांब कणा, त्यावर खाचा करून बसवलेल्या आडव्या फ्रेमा, दर चार सेंटिमीटरला एक. कापायला मेडिकल स्टोअरमध्ये मिळणारं ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड, घडीची रेघ पाडायला संपलेली रिफिल, आणि कापलेल्या पांढऱ्या कडा झाकायला राखाडी जलरंग. बाजूची कातडी थेट फ्रेमांवर लावून पाहिली तेव्हा ती मधेमधे आत बसली आणि हडकुळ्या बैलासारख्या बरगड्या दिसू लागल्या. ती काढून आधी कोऱ्या कार्डाचं अस्तर चढवलं, त्यावर पातळ इन्स्टंट गोंद फिरवून ते कडक केलं, पॉलिश पेपरने घासलं आणि मग छापील कातडी लावली. नाळेचा तीक्ष्ण कोन त्यामुळेच साधला.

मेच्या अखेरीस फ्लाइट डेक तयार झाला. खाली ग्रे बोर्ड, वर रेषा आणि खुणा छापलेलं कार्ड, दोन्हींमध्ये पाण्यावरचा पांढरा गोंद, ज्याला आपण सरसकट फेविकॉल म्हणतो. वरून मॅट लॅकरचे दोन हात. तीन रात्री वजनाखाली ठेवल्यावर तो आरशासारखा सपाट निघाला. नौकेवर लगेच चिकटवला नाही, कारण आत हँगरचं, म्हणजे डेकखाली विमानं ठेवायच्या जागेचं, थोडं काम करायची पुतणीची इच्छा होती. कपाटावर कागदात गुंडाळून ठेवला.

अडचण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कागद उलगडला तेव्हा डेक वळलेला होता. मधला भाग टेबलाला टेकलेला आणि दोन्ही टोकं वर. नाळेकडचं टोक ६ मिलिमीटर उचललेलं.

कुठल्याही दुसऱ्या जहाजात ६ मिलिमीटर एखाद्या वेळी खपून गेले असते. इथे ते शक्य नव्हतं. १:२५० मध्ये ६ मिलिमीटर म्हणजे दीड मीटर, आणि तेही विमानवाहू नौकेच्या नाळेकडे. जाणकार माणूस ते पाहून स्की-जंपच म्हणणार. इतक्या चर्चेनंतर जी नौका १९७१ ची ठरवली होती, तिला ओल्या हवेने परस्पर ऐंशीच्या दशकात नेऊन ठेवलं होतं. हा दोष खपवून घेणं म्हणजे प्रदर्शनाचा पायाच खोटा करणं, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

कारण शोधायला पुतणीने उरलेल्या बोर्डाचे आणि कार्डाचे चौकोनी तुकडे कापले आणि एका बाजूने ओले केले. कागदातले तंतू कारखान्यात मुख्यतः एकाच दिशेला झोपतात. त्याला ग्रेन म्हणतात. ओल लागली की तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो, म्हणून कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला कित्येक पट जास्त पसरतो. एका बाजूने ओला केलेला तुकडा ज्या अक्षाभोवती वळतो तीच ग्रेनची दिशा. तुकड्यांनी स्पष्ट उत्तर दिलं. वरच्या कार्डाचा ग्रेन नौकेच्या लांबीला समांतर होता, खालच्या बोर्डाचा आडवा. शिवाय वरची बाजू लॅकरने बंद आणि खालची उघडी, त्यामुळे पावसाची ओल फक्त खालून शिरली. खालचा थर लांबीत वाढला, वरचा वाढला नाही, आणि टोकं वर गेली. कोकणातल्या जुलैत हवा जवळजवळ कायम ओलसर असते; त्या हवेत ही फळी सपाट राहणं शक्यच नव्हतं.

पर्याय

काकांचं पहिलं मत साधं होतं. "अगं, चिकटवून टाक आणि वर वजनं ठेव. रात्रीत बसेल."

"आता बसेल, काका. पण दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की खालचा थर आखडेल. मग डेक उलटा वाकेल आणि जाताना सांधे उपटेल. तुम्हीच सांगता ना, ताण देऊन बसवलेलं लाकूड कधीतरी सूड घेतं म्हणून."

काकांनी मान हलवली. तो पर्याय तिथेच संपला.

दुसरा पर्याय, आहे त्या डेकला खालून तसंच कार्ड, त्याच ग्रेनचं, तसंच लॅकर मारलेलं लावायचं. म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा होईल. यात काम कमी होतं. पण मधला बोर्ड चुकीच्या ग्रेनचा तो तसाच राहणार आणि आधीच शिरलेली ओल आत कोंडली जाणार.

तिसरा पर्याय काकांनीच मांडला: मधला गाभा कागदाचा ठेवायचाच नाही. सनबोर्ड (प्लॅस्टिक फोमची शीट) किंवा ॲक्रिलिक वापरायचं. ते ओल पीत नाही. तांत्रिकदृष्ट्या हा सर्वांत निर्धोक पर्याय होता आणि पाहणाऱ्याला फरकही कळला नसता. पुतणी त्याला तयार नव्हती. तिचं म्हणणं असं की वाचनालयात येणाऱ्या मुलांना आपण सांगणार आहोत की हे सगळं कागदाचं आहे, आणि घरी जाऊन तुम्हीही करू शकता. मग पोटात प्लॅस्टिक का? मला सुरुवातीला हा हट्ट वाटला होता. पण कार्यकारिणीने दिलेलं कामही 'कागदी मॉडेल' असंच होतं, आणि ते शब्द पाळायचे तर तिची बाजू बरोबर होती.

चौथा पर्याय, डेक पूर्ण नवा करायचा, कागदाचाच, पण वेगळ्या रचनेने. किंमत म्हणजे जवळजवळ संपूर्ण ऑगस्ट. हँगरचं आतलं काम सोडून द्यावं लागणार होतं.

फक्त पुढचा अर्धा डेक नवा करावा का, हाही विचार झाला. तो छपाईवर अडला. कलर झेरॉक्सवाल्याकडे मधल्या काळात टोनर बदललेलं होतं. नव्या छपाईचा राखाडी रंग जुन्यापेक्षा किंचित निळसर येत होता. अर्धा जुना आणि अर्धा नवा डेक शेजारी ठेवला तर मधली रेघ लांबूनही दिसली असती. अख्खा डेक एका दिवसात, एका मशीनवर छापला तर हा प्रश्न राहत नव्हता, कारण डेक आणि बाजू यांच्या रंगात मुळातच फरक असतो. चौथा पर्याय पक्का झाला.

काय केलं

नव्या डेकला जाड बोर्डाचा गाभाच ठेवला नाही. दोन पातळ कार्डांच्या मध्ये पुठ्ठ्याच्या उभ्या पट्ट्यांची जाळी, ५ मिलिमीटर उंच: तीन पट्ट्या लांबीने आणि त्यांना खाचांत अडकवलेल्या आडव्या पट्ट्या. ही पेटीसारखी रचना पिळाला आणि वाकाला बोर्डापेक्षा कितीतरी जास्त विरोध करते, आणि वजनाला हलकी. एवढी जाडी लपणार कुठे, हा प्रश्न काकांच्या अनुभवाने सोडवला. खऱ्या नौकेतही फ्लाइट डेकच्या लगेच खाली गॅलरीचा मजला असतो. ५ मिलिमीटर म्हणजे सव्वा मीटर, त्या मजल्याच्या उंचीत ही जाळी सहज मावली.

वरचं आणि खालचं कार्ड एकाच रीममधलं, दोन्हींचा ग्रेन लांबीला समांतर, आणि चिकटवण्याआधीच दोन्हींना दोन्ही बाजूंनी लॅकर. गोंद पाण्यावरचा वापरायचा नाही हे ठरलं होतं. दोन्ही पृष्ठभागांना लावून सुकू द्यायचा आणि मग दाबायचा तो रबरी गोंद घेतला. त्याची अडचण अशी की एकदा टेकलं की हलवता येत नाही, आणि इथे तर ८५ सेंटिमीटर लांबीचं कार्ड एका झटक्यात सरळ बसवायचं होतं. ही युक्ती गावातल्या सुताराने दाखवली. तो सनमायका असाच बसवतो: मध्ये बटर पेपर घालायचा, वरचा थर जागेवर नीट ठेवायचा, एक टोक दाबायचं आणि कागद हळूहळू ओढत दाबत जायचं. पहिल्या प्रयत्नात डेक मधल्या रेषेवर बसला.

सुकवण्यासाठी जुन्या लोखंडी कपाटात खालच्या फळीवर ४० वॅटचा बल्ब लावला. आमच्याकडे हार्मोनियम आणि कॅमेरे पावसाळ्यात असेच जपतात. कपाटात एक साधा आर्द्रतामापक ठेवला आणि कुठलाही भाग बाहेर काढून काम झालं की लगेच परत आत. रबरी गोंद आणि लॅकर ज्वलनशील असल्यामुळे त्यांचे डबे उघडे असताना बल्ब बंद, आणि गोंद पूर्ण सुकल्याशिवाय भाग कपाटात नाही, हा नियम काकांनी भिंतीवर लिहून लावला होता.

एक निर्णय मला विशेष आवडला. नवा डेक तयार झाल्यावर पुतणीने तो लगेच बसवला नाही. मुद्दाम एक संपूर्ण आठवडा पडवीत, भर पावसाळ्याच्या हवेत, न झाकता ठेवला, मग तीन दिवस बल्बच्या कपाटात, आणि दोन्ही वेळा स्टीलच्या पट्टीने मोजला. फरक अर्धा मिलिमीटरच्या आत राहिला. मगच तो सांगाड्यावर चढला.

गेलेला ऑगस्ट भरून काढायला काटछाट करावी लागली. हँगर गेलं, विमानं वर आणणाऱ्या लिफ्ट वरच्या स्थितीत बंद दाखवल्या. बोफर्स तोफांच्या नळ्या कागद गुंडाळून करण्याऐवजी गोंदात भिजवून ताठ केलेल्या दोऱ्याच्या झाल्या. वेळ राखून ठेवला तो आयलंडसाठी आणि विमानांसाठी, कारण पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

निष्पत्ती

मॉडेल ३ डिसेंबरच्या संध्याकाळी कपाटात बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक येत राहिले. स्की-जंप कुठे, हा प्रश्न काकांनी सांगितला होता तसा अनेकांनी विचारला. काकांनी स्वतः कपाटाशेजारी उभं राहून प्रत्येकाला १९७१ आणि नंतरचा फरक समजावला, आणि मला वाटतं त्या दिवशी प्रदर्शनातून लोक सर्वांत जास्त काही घेऊन गेले असतील तर ते हेच.

दुपारी नौदलातून निवृत्त झालेले एक आजोबा आले. बराच वेळ पाहून म्हणाले, "पोरी, मागची विमानं पंख पसरून कशी उभी केलीस? एवढी जागा कुठे असते बोटीवर?" ते खरं होतं. सी हॉकचे पंख मिटले की रुंदी ११.९ वरून सुमारे ४ मीटरवर येते, आणि डेकवर रांगेत ठेवलेली विमानं मिटलेल्या पंखांचीच असतात. मोजमापात कुठेही चूक नव्हती, तरी डेक खोटा दिसत होता. पुतणीने आजोबांचा पत्ता घेतला, पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन कुठलं विमान कसं उभं असायचं ते समजून घेतलं, आणि मागच्या रांगेतल्या विमानांचे पंख कापून मिटलेल्या स्थितीत पुन्हा लावले. उड्डाणाच्या तयारीत असलेली पुढची विमानं तशीच ठेवली.

पुढचा पावसाळाही आता होऊन गेला आहे. डेक सपाट आहे. डाव्या बाजूच्या कातडीचा एक सांधा पिछाडीजवळ अर्धा सेंटिमीटर सुटला होता, तो पुन्हा चिकटवला. घडीच्या कडांवर टोनर तडकून पांढऱ्या रेषा दिसू लागल्या आहेत. तिथे रंग लावावा लागतो. डोलकाठीच्या तारा ओल्या हवेत सैल होतात आणि हिवाळ्यात ताणतात, कारण त्या सुती दोऱ्याच्या आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

ग्रेनची चाचणी जुलैत केली, ती एप्रिलमध्ये पाच मिनिटांत झाली असती. बोर्डाचा एक तुकडा आणि थोडं पाणी एवढंच लागतं. सांगाड्याच्या फ्रेमा लहान असतात, त्यांना ग्रेन चुकीचा असला तरी चालतो. लांब फळीला चालत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने कामाची क्रमवारीही हवेप्रमाणे लावावी. सांगाडा आणि अस्तर उन्हाळ्यात, विमानं आणि तोफा असे लहान भाग पावसाळ्यात कपाटाजवळ बसून, आणि लांब डेक दसऱ्यानंतर. तसं केलं असतं तर नव्या रचनेचीही कदाचित गरज पडली नसती, पण पेटीची रचना मी तरीही निवडली असती.

सगळी पानं सुरुवातीलाच एका दिवसात छापून, प्रत्येकाची एक जादा प्रत काढून ठेवायला हवी होती. सुती दोऱ्याऐवजी पातळ नायलॉन किंवा तांब्याची तार घेता आली असती.

आजोबांना डिसेंबरात भेटण्याऐवजी जूनमध्ये भेटायला हवं होतं. गावात नौदलातली माणसं आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मॉडेल पूर्ण होईपर्यंत कोणालाही दाखवायचं नाही असं काकांनी ठरवलं होतं. त्यामागे अर्धवट काम दाखवायचं नाही हा ड्रॉइंग ऑफिसातला शिरस्ता होता. तो नकाशाला ठीक आहे. ज्या वस्तूचा मूळ नमुनाच उरलेला नाही तिथे डेकवर चाललेला प्रत्येक माणूस हा पुरावा असतो, आणि त्यातली बरीच माणसं आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत.

पेन्सिलीच्या खुणांचं काय करायचं, यावर अजून मतभेद आहेत. डोलकाठीवरचा एक अँटेना आणि आयलंडच्या मागच्या बाजूचा जिना हे दोन्ही एकाच अस्पष्ट फोटोवरून केले आहेत. पुतणीचं म्हणणं, माहितीफलकावर ते स्पष्ट लिहावं. कार्यकारिणीतल्या काहींना वाटतं की त्याने पाहणाऱ्याचा विश्वास कमी होईल. मी पुतणीच्या बाजूचा आहे. सध्या फलकाच्या तळाशी लहान अक्षरांत दोन ओळी आहेत: कोणते भाग एकाच फोटोवरून केले ते, आणि कोणाकडे १९७१ च्या सुमाराचा आयलंडचा मागून काढलेला फोटो असल्यास वाचनालयात आणून दाखवावा, ही विनंती.